रोजची प्रार्थना, रोजचं धावणं आणि नडगीचं हाड: मदतनिधीसाठीच्या एका मॅरेथॉनचं प्रकरण

धावपटू ३६ वर्षांची, वजन ५८ किलो, नोकरी दिवसभर खुर्चीत बसून. दोन वर्षं ती आठवड्यातून चार दिवस धावत होती, मिळून साधारण २५ किलोमीटर. नावावर एक अर्धमॅरेथॉन, २ तास २२ मिनिटांत. मुलगा चार वर्षांचा. तो दिवस भरण्याच्या बराच आधी जन्मला आणि पहिले सात आठवडे नवजात अतिदक्षता कक्षात होता. त्या कक्षासाठी निधी जमवायचा म्हणून तिने पूर्ण मॅरेथॉनला नाव नोंदवलं. हाताशी २६ आठवडे होते. पाया बरा, वेळ पुरेसा, कारण मनापासूनचं. तरी दहाव्या आठवड्यात धावणं पूर्ण थांबवावं लागलं.

(प्रकरण प्रातिनिधिक आहे. निधीसाठी धावणाऱ्यांमध्ये पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या अडचणी आणि त्यांवरचे उपाय एकाच व्यक्तीच्या वेळापत्रकात मांडले आहेत.)

आराखडा कुठे अडकला

नोंदणीच्या आठवड्यातच तिने चार गोष्टी ठरवून टाकल्या. रोज पहाटे धावायचं आणि धावतानाच प्रार्थना करायची. दर शनिवारी उपवास. देणगीदारांकडून किलोमीटरमागे ठरावीक रक्कम घ्यायची, आणि त्यात सरावाचे किलोमीटरही मोजायचे. शिवाय रोज रात्री वहीत कृतज्ञतेच्या तीन ओळी.

सुटी सुटी पाहिली तर यातली एकही गोष्ट वाईट नाही. घोळ जोडणीत होता. प्रार्थना धावण्याला बांधली, त्यामुळे विश्रांतीचा दिवस म्हणजे प्रार्थनेचा खाडा झाला. देणगी किलोमीटरला बांधली, त्यामुळे तोच दिवस कक्षाचं नुकसानही ठरला. रविवारची लाँग रन (आठवड्यातलं सर्वांत लांब धावणं) उपवासाच्या दुसऱ्याच पहाटे येत होती. कुणी तिला ‘आज धावू नकोस’ म्हटलं असतं, तर तिच्या कानाला ते ‘आज देवाला विसर’ असंच लागलं असतं. मग सुट्टी घेणार कशी?

आठवड्याचे किलोमीटर असे वाढले: ३०, ३३, ३६, ३९, ४२, ४६, ५०, ५४. सातही दिवस धावणं, आठव्या आठवड्यातली लाँग रन २१ किलोमीटरची. २५ वरून ३० ही पहिली उडी सोडली, तर वाढ कुठेही दहा टक्क्यांच्या वर गेलेली नाही. दहा टक्क्यांचा नियम पाळला की दुखापत होत नाही असं मानणाऱ्यांनी हे आकडे नीट पाहावेत. तो नियम बेरजेबद्दल बोलतो, मधल्या विसाव्याबद्दल नाही. हाडावर नवा भार आला की शरीर आधी जुना भाग पोखरून काढतं आणि मग तिथे नवं हाड भरतं. पोखरण्याचं काम काही आठवड्यांत उरकतं. भरलेलं हाड पक्कं व्हायला महिने लागतात. म्हणून भार वाढवल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास हाड काही काळ नेहमीपेक्षा कमजोर असतं. दर चौथा आठवडा २५ ते ३० टक्क्यांनी हलका ठेवायचा तो याचसाठी. तिच्या आठ आठवड्यांत असा एकही नव्हता.

भर घालणाऱ्या आणखी तीन गोष्टी होत्या. बूट ७५० किलोमीटर धावलेले. बहुतेक बुटांचा फोम ५०० ते ८०० किलोमीटरमध्ये दबून जातो. पावलांची गती मिनिटाला १५८, म्हणजे पाऊल लांब आणि टाच शरीराच्या बरीच पुढे पडणारी. तिसरी गोष्ट सगळ्यांत गंभीर, आणि तिकडेच कुणाचं लक्ष नव्हतं: खाणं. आठवड्याचे किलोमीटर दुपटीवर गेले, जेवण होतं तेवढंच राहिलं, त्यात रोजचं पहाटेचं धावणं उपाशीपोटी आणि शनिवारी उपवास. सातव्या आठवड्यात पाळी तीन आठवडे लांबली. तिने ती दगदग म्हणून सोडून दिली. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला ‘रेड-एस’ हे नाव दिलं: खर्च होणाऱ्या ऊर्जेच्या मानाने खाणं कमी पडलं की शरीर आधी संप्रेरकांवर आणि हाडांवर काटकसर करतं. धावणाऱ्या बाईची पाळी लांबली तर डॉक्टरांकडे जायचं. शर्यत संपेपर्यंत थांबायचं नाही.

वहीतल्या तीन नोंदी

वही नंतर तपासली तेव्हा दुखापतीचा अख्खा प्रवास त्यात लिहिलेला सापडला.

आठवडा ६, मंगळवार: ‘सुरुवातीला डावी नडगी कुरकुरली, मग मोकळी झाली. पायांनी साथ दिली, आभार.’

आठवडा ७, शुक्रवार: ‘पाच किलोमीटर दुखत होतं. नामात मन लावलं आणि विसरले. त्याची कृपा.’

आठवडा ८, रविवार: ‘२१ पूर्ण! जिना उतरताना पाय टेकवेना. पण बाळाने यापेक्षा किती सोसलं. आभार.’

पहिल्या नोंदीतलं दुखणं अंग गरम झालं की जातं. दुसऱ्यात ते पाच किलोमीटर टिकतं. तिसऱ्यात धावणं संपल्यावरही राहतं. नडगीच्या हाडावरचा ताण वाढत जाण्याच्या या ओळीने आलेल्या पायऱ्या आहेत, आणि प्रत्येक पायरीवर आभार मानून ती पुढे गेली. कृतज्ञता खोटी नव्हती. त्या कृतज्ञतेने माहिती झाकली, एवढंच. दुसरी नोंद खास जपून वाचावी अशी. प्रार्थनेत मन गुंतलं की वेदना मागे सरते, हे खरं आहे आणि शर्यतीच्या शेवटच्या टप्प्यात उपयोगीही आहे. सरावात मात्र वेदना हा मुख्य इशारा असतो. तोच बंद करून चालत नाही.

उपाय साधा होता, वही टिकवून फक्त क्रम बदलायचा. आधी आकडा: धावताना किती दुखलं, दुसऱ्या सकाळी पलंगावरून उतरताना किती दुखलं, ० ते १०. मग जागा: किती बोटं रुंद. त्यानंतर आभाराच्या ओळी. आकडा लिहिल्याशिवाय आभार लिहायचे नाहीत. स्नायू किंवा स्नायुबंधाच्या दुखण्यात ३ पर्यंतचा आकडा चालवून घेतात; हाडावर बोट ठेवून दाखवता येणाऱ्या दुखण्यात १ सुद्धा चालत नाही.

आभाराच्या ओळी रोज लिहायची गरज नाही, हेही तिला सांगावं लागलं. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅक्युलो यांच्या २००३ मधल्या प्रसिद्ध अभ्यासातल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांनी दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, जास्तीत जास्त पाच गोष्टी लिहिल्या. कटकटींची यादी करणाऱ्यांपेक्षा या गटाने व्यायामाला जास्त वेळ दिल्याचं सांगितलं. आकडे त्यांनी स्वतः सांगितलेले आहेत, तेव्हा फार ताणू नयेत. पण आठवड्यातून एकदा लिहिणं पुरतं. रोज लिहिलं की तिसऱ्या आठवड्यापासून त्याच त्या ओळी यायला लागतात.

निदान

नवव्या आठवड्यात दुखणं एका जागी आलं. नडगीच्या आतल्या कडेला, खालच्या तिसऱ्या भागात, नाण्याएवढी जागा. रात्री कूस बदलताना ठसठस. नडगीच्या कडेने पाच सेंटीमीटर किंवा जास्त लांबीत पसरलेलं दुखणं असेल, तर ते बहुधा ‘शिन स्प्लिंट’, म्हणजे नडगीच्या कडेचं सौम्य ताणदुखणं. एका बोटाखाली सापडणारं आणि रात्री ठणकणारं दुखणं असेल, तर हाडाला ताणामुळे इजा झाल्याचा संशय घ्यायचा. त्या पायावर एकदा लंगडी घालून पाहिली की बहुतेकदा कळतं. कळलं की पुन्हा पुन्हा उड्या मारून खात्री करत बसायचं नाही.

एक्स-रे स्वच्छ आला. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत तो अनेकदा स्वच्छच येतो, आणि इथेच बरेच जण ‘हाडाला काही नाही’ म्हणून पुन्हा धावू लागतात. एमआरआयमध्ये हाडाच्या आवरणावर आणि आतल्या मज्जेत सूज दिसली, फ्रेडरिक्सन श्रेणी २ (अशा इजेच्या तीव्रतेच्या चार पायऱ्यांतली दुसरी). तडा नव्हता. रक्तात ड जीवनसत्त्व आणि फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन) दोन्ही कमी. डॉक्टरांनी चार आठवडे धावणं बंद केलं, पूरक गोळ्या सुरू केल्या, आणि उपवास व उपाशीपोटी धावणं थांबवायला सांगितलं.

बांधलेलं सोडवणं

धावणं थांबलं त्या आठवड्यात खरं काम सुरू झालं. सगळ्यांत आधी प्रार्थना धावण्यापासून वेगळी केली. रोज सकाळी ठरलेल्या वेळी १५ मिनिटं प्रार्थना, बसून किंवा संथ चालत. धावणं असो वा नसो, ही पंधरा मिनिटं चुकवायची नाहीत. धावतानाची प्रार्थना ही त्यावरची भर, नेमात न मोजलेली. बदल छोटा, पण याच्याशिवाय बाकीचा एकही टिकला नसता, कारण विश्रांतीचा दिवस पाळायला तिच्याकडे आता काहीतरी होतं.

बसून करायच्या प्रार्थनेला वेगळा उपयोग सापडला. लुचियानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडलेल्या प्रयोगात २३ निरोगी माणसांनी जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना आणि योगातला मंत्र म्हटला. दोन्हींत श्वास मिनिटाला सहाच्या आसपास उतरला आणि रक्तदाब सांभाळणारी प्रतिक्षिप्त क्रिया जास्त तल्लख झाली. रात्री झोप न लागणाऱ्या, डोक्यात देणग्यांचा हिशोब चालू असणाऱ्या धावपटूला अशी दहा मिनिटं उपयोगी पडतात. पण ही लय बसण्याची आहे. धावताना तीच लय धरायचा हट्ट केला, तर श्वास अपुरा पडून पोटात कळ येऊ शकते. पहिल्या आठवड्यांत तिला उजव्या बरगडीखाली वारंवार येणारी कळ बहुधा यामुळेच होती.

देणगीचं त्यानंतर. किलोमीटरमागची रक्कम रद्द करून प्रत्येकाला एकरकमी आकडा विचारला. संदेश असा गेला: ‘हाडाला सूज आहे, चार आठवडे धावणार नाही. बाविसाव्या आठवड्यात पूर्ण की अर्धी हे ठरेल. दोन्हींत तुमची देणगी कक्षाला तेवढीच पोचेल, असं चालेल का?’ असा संदेश पाठवायला धावणारे घाबरतात, आणि देणारे तो वाचून बहुधा आधी प्रकृती विचारतात. देणारा कारणासाठी देतो, अंतरासाठी नाही. कर्करोगात पाय गमावलेला टेरी फॉक्स १९८० मध्ये कर्करोग-संशोधनाच्या निधीसाठी कृत्रिम पायावर कॅनडा ओलांडायला निघाला, आणि पुढे त्याने प्रत्येक कॅनेडियनाकडे एकेक डॉलर मागितला. १४३ दिवसांनी, ५,३७३ किलोमीटरवर, कर्करोग फुप्फुसात पसरल्याने त्याला थांबावं लागलं. दुसरा समुद्र अजून खूप लांब होता. तरी फेब्रुवारी १९८१ पर्यंत निधी २ कोटी ४१ लाख डॉलरवर पोचला, म्हणजे माणशी एक डॉलर.

आभाराचे संदेश ती रात्री अकराला लिहीत बसायची. ते काम सोमवारी आणि शुक्रवारी, विश्रांतीच्या दिवशी, धावण्याच्या मोकळ्या झालेल्या वेळेत हलवलं. कक्षातल्या कुठल्याही बाळाचं नाव किंवा फोटो पालकांच्या परवानगीशिवाय वापरायचा नाही, हेही तेव्हाच ठरलं.

उपवासाचं काय, हा प्रश्न नाजूक. बहुतेक परंपरांत आजाऱ्याला सूट असते आणि तिने आपल्या धर्मगुरूंना विचारून ती घेतली. शनिवारी अन्नाऐवजी फोन सोडला. ज्यांना उपवास सोडायचा नाही त्यांनी निदान लाँग रनचा वार हलवावा, मध्ये भरपेट खाण्याचे दोन दिवस तरी येतील असा.

चार आठवडे पाण्यात

आठवडे १० ते १३: खोल पाण्यात तरंगपट्टा बांधून धावणं, आठवड्यातून चार दिवस, ३० मिनिटांपासून ४५ पर्यंत. पाय तळाला लागता कामा नयेत. तीन मिनिटं जोरात, एक मिनिट सैल. पाण्यात हृदयाचे ठोके जमिनीपेक्षा कमी पडतात, म्हणून घड्याळाऐवजी धाप किती लागते त्यावर जोर ठरवायचा. जोडीला पोटऱ्यांचं काम: पायरीवर उभं राहून टाचा उचलणं, गुडघा सरळ ठेवून १५ चे तीन संच आणि गुडघा वाकवून १५ चे तीन, आठवड्यातून दोनदा, दुखत नसेल तरच. गुडघा वाकवलेला प्रकार कंटाळवाणा म्हणून लोक गाळतात. नडगीला आधार देणारा खोल स्नायू नेमका त्यातच कामाला लागतो.

परत येणं, आणि प्रार्थनेचा वेगमापक

धावायला परत लागण्याआधीच्या अटी: सलग पाच दिवस अर्धा तास झपाझप चालून दुखणं शून्य, हाडावर दाबून शून्य, लंगडीत शून्य. नवे बूट. पावलांची गती १५८ वरून १६८. मुद्दाम झरझर धावून ही गती येत नाही. वेग तोच ठेवून पाऊल आखूड करावं लागतं. गती ५ ते १० टक्के वाढली की प्रत्येक पावलाचा आघात कमी होतो.

चौदाव्या आठवड्यात एक मिनिट धावणं, एक मिनिट चालणं, बारा वेळा, एक दिवसाआड. पंधराव्यात दोनास एक, सोळाव्यात तीनास एक, सतराव्यापासून चारास एक, आणि हेच प्रमाण शर्यतीपर्यंत. लाँग रन सतराव्यापासून अशा: १०, १३, १६, ११, १९, २३, १६, २७, १४, मग शर्यत. एकूण आठवड्याला चारच दिवस धावणं. २७ च्या वर जायचं नाही हे आधीच ठरलेलं. तिच्या वेगाने त्याला साडेतीन तासांहून थोडं जास्त लागतं, आणि त्यापुढे हाडाची झीज वाढते, पदरात मात्र फारसं पडत नाही. सरावात ३२ किलोमीटर झालेच पाहिजेत हा आग्रह वेगवान धावपटूंच्या वेळापत्रकातून आलेला आहे.

प्रार्थना इथे सरावाचं साधन झाली. सोपा वेग ओळखायची जुनी कसोटी म्हणजे धावताना बोलता येणं. एकटं धावणारा बोलणार कुणाशी? तिला प्रार्थनेची दहा-बारा शब्दांची एक ओळ पाठ होती. ती मोठ्याने, मध्ये श्वास न तुटता म्हणता आली तर वेग बरोबर. तीन-चार शब्दांवर धाप लागली तर जास्त. ओळ म्हणायची ती चार मिनिटं धावणं संपत आलं असताना; चालून झाल्यावर लगेच म्हटली तर कुठलाही वेग सोपाच वाटतो. पहिल्याच आठवड्यात दिसलं की तिचा ‘आरामाचा’ वेग किलोमीटरमागे जवळपास ४० सेकंदांनी जास्त जलद होता. ओळ घाईने पुटपुटून कसोटी पास करता येते, हेही खरं. रोज सकाळी म्हणतो त्याच चालीत म्हणायची.

धावताना मनातल्या मनात घोळवायचं वाक्य मात्र आखूड हवं. मिनिटाला १६८ पावलं, तीन पावलांत श्वास आत आणि तीन पावलांत बाहेर, म्हणजे मिनिटाला २८ श्वास. उच्छ्वासाला सेकंदाहून किंचित जास्त वेळ मिळतो. त्यात चार ते पाच अक्षरं बसतात, जास्त नाही. लांब स्तोत्र त्यात कोंबलं की एकतर श्वास अडतो, नाहीतर पाय शब्दांमागे पळायला लागतात. माणसांची नावं घेऊन करायची प्रार्थना चालण्याच्या मिनिटात. दोन्ही कानांत यंत्र घालून स्तोत्र ऐकत रस्त्यावर धावणं हा विषय इथेच संपवू: एक कान मोकळा हवा.

बाविसाव्या आठवड्यातले २३ किलोमीटर ही पूर्ण की अर्धी हे ठरवायची जागा. अटी आधी लिहून दोन मैत्रिणींकडे दिलेल्या: धावताना नडगी शून्य, दुसऱ्या सकाळी शून्य, शेवटचे पाच किलोमीटर सरासरीपेक्षा किलोमीटरमागे अर्ध्या मिनिटाहून जास्त संथ नकोत. एकही अट हुकली तर अर्धी मॅरेथॉन. निर्णय भरात होऊ नये म्हणून अटी दुसऱ्याच्या हातात. आयोजक अंतर बदलू देतात का आणि कधीपर्यंत, हे मात्र नोंदणीच्या दिवशीच पाहून ठेवायचं असतं. तिन्ही अटी पूर्ण झाल्या.

बेचाळीस नावं

प्रत्येक किलोमीटर एका माणसासाठी, ही पद्धत निधीसाठी धावणाऱ्यांत रूढ आहे आणि चांगली आहे, पण नावांचा क्रम लावायला डोकं लागतं. तिच्या पहिल्या यादीत सर्वांत हळवं नाव, घरी परत न गेलेलं शेजारच्या पाळण्यातलं बाळ, तिसऱ्या किलोमीटरला होतं. १९ किलोमीटरच्या सरावात ही यादी वापरून पाहिली, तेव्हा तो किलोमीटर ६ मिनिटं ५० सेकंदांत गेला; ठरलेला वेग ७ मिनिटं ५५ सेकंद. त्यानंतर रडू आलं. रडताना घसा आवळतो, श्वास उथळ होतो, आणि पुढचे दोन किलोमीटर सावरण्यात जातात.

नवा क्रम: १ ते १० देणगीदार आणि सहकारी, ज्यांच्या आठवणीने हसू येतं. ११ ते २४ परिचारिका, डॉक्टर, सफाई कामगार. हळवी नावं २५ ते ३४ मध्ये, जिथे सुरुवातीचा जोर ओसरलेला असतो आणि धावायला कारण लागतं. ३५ नंतर मेंदू थकतो, लांबलचक आठवण धरवत नाही; तिथे एका शब्दात हाक मारता येतील अशी घरची माणसं. यादी जलरोधक पट्टीवर, फक्त आद्याक्षरांत, मनगटावर. अंतर ४२.१९५ किलोमीटर आहे, १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये धावलं गेलेलं आणि १९२१ मध्ये कायम झालेलं. उरलेले १९५ मीटर तिने स्वतःसाठी ठेवले.

शर्यतीचा दिवस

आधीचे दोन दिवस कर्बोदकं वजनाच्या किलोमागे ८ ग्रॅम, म्हणजे दिवसाला साधारण ४६० ग्रॅम. सकाळी सुटण्याच्या तीन तास आधी नाश्ता, सरावात पचलेलाच. शर्यतीत ताशी ४० ग्रॅमच्या आसपास: २३ ग्रॅम कर्बोदकांचं जेल (पुडीतला घट्ट, गोड रस), पहिलं चाळिसाव्या मिनिटाला, मग दर ३५ मिनिटांनी, एकूण नऊ. भूक लागेपर्यंत थांबलं तर उशीर झालेला असतो. वेदनाशामक गोळी नाही. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांमुळे मूत्रपिंडावर ताण येतो आणि दुखण्याचा इशाराही बुजतो.

पाण्याबद्दल संथ धावणाऱ्यांना वेगळं सांगावं लागतं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तातलं सोडियम शर्यतीअखेर कमी निघालं. धोका जास्त कुणाला? ज्यांना चार तासांहून अधिक लागले आणि शर्यतीत ज्यांचं वजन वाढलं, म्हणजे जे गरजेपेक्षा जास्त प्यायले. पावणेसहा तासांच्या शर्यतीत पाण्याची टेबलं खूप लागतात, आणि कृतज्ञतेने भारलेल्या माणसाला हसतमुख स्वयंसेवकाने पुढे केलेला पेला नाकारवत नाही. आभार प्रत्येकाचे मानावेत, पाणी तहानेपुरतं घ्यावं. सरावात आधी-नंतर वजन करून तिचा अंदाज तासाला साधारण ४५० मिलीलीटर निघाला होता. त्याच्या वर जायचं नाही एवढं ठरलेलं.

पहिले ३० किलोमीटर सरासरी ७ मिनिटं ५५ सेकंदांनी गेले. चालण्याचं मिनिट पहिल्या किलोमीटरपासून घेतलं. ‘अजून ताजी आहे, नंतर घेईन’ म्हणणारे नंतर चालतात खरे, पण नाइलाजाने. ३१ नंतर मांड्या जड झाल्या, वेग ८ मिनिटं ५० सेकंदांवर आला. ३६ ला तिला नाव आठवेना, पट्टी वाचायची तर डोळे रस्त्यावरून हटवावे लागत होते, म्हणून तिने नावं सोडून फक्त चार अक्षरांचं वाक्य धरलं. नडगी शेवटपर्यंत शून्य. वेळ ५ तास ४५ मिनिटं.

नंतर

दोन आठवडे धावणं नाही, चालणं आणि पोहणं. तिसऱ्या आठवड्यात हाड दाबून आणि लंगडी घालून तपासणी, मग पुन्हा तीनास एक. देणगीदारांना आठवड्याच्या आत हिशोब: किती जमले, कक्षाकडे कधी पोचले, त्यातून काय घेतलं जाणार. पाळी एकविसाव्या आठवड्यापासून नियमित झाली होती. फेरिटिन तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं आहे.

शर्यतीनंतरच्या पंधरवड्यात अनेकांना रितेपण जाणवतं. ज्यांची प्रार्थनाही धावण्यातच होती, त्यांचं एकदम दोन्ही थांबतं आणि काही जण ते भरून काढायला दहाव्या दिवशीच पुढच्या मॅरेथॉनला नाव नोंदवतात. तिची सकाळची १५ मिनिटं चालूच होती. पुढच्या वर्षी धावायचं की नाही हे तिने अजून ठरवलेलं नाही, आणि हाडाच्या दृष्टीने सहा महिने तरी पूर्ण मॅरेथॉन ठरवूही नये.